अडवणाऱ्यांची रांग

लिलिओजने फेब्रोनीला दंडाला धरून एका रांगेतून बाहेर काढलं आणि शेजारच्या रांगेत नेऊन उभं केलं. झालं ते एवढंच. कोणाचं लक्षही नव्हतं. किगालीतल्या न्यामिरांबोच्या चढावरच्या शाळेचं मैदान, जुलैची तांबडी धूळ, सकाळचे नऊ, आणि सिनेमावाल्यांनी वाटलेला चहा, ज्यात दुधाचं नुसतं नाव होतं. "मावशी, तुम्ही इकडे. अडवणाऱ्यांत," लिलिओज म्हणाली, आणि हातातल्या कागदावर खूण करून पुढच्या बाईकडे वळली. ही पोर तेवीस वर्षांची, गर्दीतली माणसं निवडायचं काम तिच्याकडे. बोलणं गोड, कामाला चपळ. दोनशे माणसं तिने तासाभरात वाटून टाकली होती: पळणारे डावीकडे, अडवणारे उजवीकडे. फेब्रोनी स्वतःहून डावीकडे जाऊन उभी राहिली होती, कारण पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आपण उजवीकडे उभं राहू शकतो हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता ती उजवीकडून डावीकडे बघत होती आणि तिला, राग यायच्या आधी, संताप वगैरे यायच्या कितीतरी आधी, नुसतं कुतूहल वाटलं. ह्या मुलीने माझ्यात काय पाहिलं?

सिनेमा चौऱ्याण्णवचा होता. दुसरा कशाचा असणार? बाहेरून कोणी कॅमेरा घेऊन आला की किगालीच्या माणसाला विषय विचारावा लागत नाही. त्या शंभर दिवसांत दर वळणावर ओंडके टाकून, दोर बांधून नाके बसले होते, आणि नाक्यावर बसलेले हुतू समोरून येणाऱ्यातले तुत्सी वेचून मारत होते. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात छापलेली असायची, त्यामुळे वेचणं सोपं होतं. आता ओळखपत्रावर तसलं काही नसतं, आणि ते दोन शब्द एप्रिलमधल्या शोकसभा सोडल्या तर चारचौघांत कोणी तोंडातून काढत नाही. शेजाऱ्याला विचारत नाही, जावयाला विचारत नाही, मनातल्या मनात मात्र सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं. लिलिओज तर नंतर जन्मलेली, "आपण सगळे रवांडाचे" असं शाळेत घोकलेली. तिने विचारायचं तरी कसं, तुम्ही कोण म्हणून? आणि सिनेमाला तर दोन्ही हवेत. मग तिने काय केलं, तर चेहरे बघितले. उंच, सडपातळ, लांब नाकाचे ते पळणारे. बुटके, रुंद, बसक्या नाकाचे ते अडवणारे. ज्या गोष्टीसाठी एक अख्खा देश मान खाली घालून बसला, ती गोष्ट ही गुणी पोर चहाच्या कपाबरोबर सहज करून गेली, आणि तिला पत्ताही नव्हता.

बोलता आलं असतं. "पोरी, तुझी गल्लत झाली," एवढं म्हटलं की झालं. पण मग लिलिओज विचारणार, काय गल्लत झाली मावशी? आणि त्यावर जो शब्द बोलावा लागला असता तोच तर बोलायचा नव्हता. शेजारी टोमॅटोवाली पेरपेतू होती, फेब्रोनीच्या शिवणाच्या दुकानासमोर जिची टोपली असते ती. तिने फेब्रोनीला, नेहमीप्रमाणे तिच्या मुलीच्या नावाने हाक मारत, कोपराने ढोसलं.

"तेताची आई, तोंड कशाला पाडतेस? अडवणाऱ्यांना बसायला बाकडं दिलंय. पळणाऱ्यांना हा चढ किती वेळा पळायचाय कोण जाणे. नशीब काढलंस."

"तुला कोणी बसवलं अडवणाऱ्यांत?"

"माझ्या ढेरीने," पेरपेतू म्हणाली. "उपाशी माणसाला इतकी ढेरी शोभत नाही म्हणे."

फेब्रोनी हसली. आणि हसता हसता तिला समोरच्या रांगेत सिल्व्हेर दिसला. साठी ओलांडलेला, ताडमाड, हडकुळा, हनुवटी लांबुडकी. सायकली दुरुस्त करणारा सिल्व्हेर. दोन माणसं मारल्याचं ज्याने कबूल केलं आणि अकरा वर्षं तुरुंगात काढली, तो सिल्व्हेर पळणाऱ्यांत उभा होता. अंगावर कोणीतरी दिलेला फाटका कोट, हातात गाठोडं. त्यानेही तिला पाहिलं. दोघांनी नेहमीसारखी मान लववली.

नेहमीसारखी, कारण त्या दोघांत एक जुनी गोष्ट होती, आणि ती सगळ्या टेकडीला माहीत होती. फेब्रोनी तेव्हा चौदा वर्षांची होती, म्हणजे ओळखपत्र नसलेली. बहीण दोनाता सतरा वर्षांची, तिच्याकडे होतं, आणि ती वडिलांवर गेलेली, उंच. आईने दोघींना पहाटे घराबाहेर काढलं. म्हाताऱ्या आजोबांना उचलून नेणं शक्य नव्हतं म्हणून ती स्वतः मागे राहिली, आणि मागे राहिली ती राहिलीच. दोघींनी बरोबर चालायचं नाही, मध्ये दहा पावलं ठेवायची, असं तिने बजावलं होतं. मशिदीच्या वरच्या वळणावर नाका होता. दोनाताला थांबवलं. कार्ड बघितलं. बाजूला काढलं. मग दहा पावलं चालून फेब्रोनी पोचली. तिच्यासमोर एक माणूस होता, त्याने तिच्याकडे बघितलं, किती वेळ ते तिला आजही सांगता येणार नाही, आणि हनुवटीने खूण केली: जा. ती गेली. मागे वळून बघितलं नाही. दोनाताला ज्याने ओढून नेलं तो पुढे काँगोच्या रानात मेला म्हणतात. पण तो हनुवटीवाला? त्याचा चेहरा फेब्रोनीने अकरा वर्षं मनात बाळगला, पुसू दिला नाही. आणि मग गावोगाव गवतावर न्यायसभा बसू लागल्या, दर आठवड्याला दुकानं बंद ठेवून सगळी टेकडी गवतावर बसायची आणि गुलाबी कपड्यांतले कैदी समोर उभे राहून आपापलं सांगायचे, तेव्हा एका बुधवारी त्या गुलाबी रांगेत तिला ती हनुवटी दिसली. ती उठली. तिने बोट केलं आणि म्हणाली, ह्या माणसाने मला सोडलं. मशिदीच्या वरच्या वळणावर. माझ्या अंगात निळा फ्रॉक होता. सिल्व्हेरने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पंचांनी ते लिहून घेतलं. त्याच्या शिक्षेतली बरीच वर्षं त्या एका वाक्याने कमी झाली.

सुटून आल्यावर तो बायकोला घेऊन तिच्या दारात आला होता. बरोबर केळ्याच्या दारूचा घडा. रीतीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतला, आत काही कालवलेलं नाही हे दाखवायला, आणि मग नळी तिच्याकडे वळवली. ती प्यायली. टेकडीवरच्या कित्येकांनी त्या दिवशी डोळे पुसले. तेव्हापासून दरवर्षी घडा येतो, ती त्याच्या नातीचा गणवेश शिवून देते. आणि इतक्या वर्षांत तिने त्याला एकच गोष्ट विचारली नव्हती: का? का सोडलंस मला? विचारायची गरजच वाटली नाही, कारण तिने स्वतःच उत्तरं तयार करून ठेवली होती. त्याला माझ्याएवढी बहीण असेल. त्याच्या गळ्यात जपमाळ होती बहुतेक. दोनाताकडे बघून त्याला वाईट वाटलं असेल आणि तिला सोडवणं त्याच्या हातात नसेल. एवढ्या अंधारात एका माणसाला दया आली, आणि ती नेमकी माझ्यावर आली. ह्या एका खुंटीला तिने आपला सगळा जन्म टांगला होता, लग्न, पोरगी, दुकान, रविवारची प्रार्थना सगळं. आणि आज लिलिओजने दंड धरून तिला ह्या रांगेत आणलं. चौदा वर्षांची, कार्ड नसलेली, बुटकी, बसक्या नाकाची मुलगी. लिलिओजला जी अडवणारी वाटली, ती त्या माणसालाही आपल्यातलीच वाटली नसेल कशावरून? दया नव्हे, चूक. तसं असेल, तर गवतावर उभं राहून मी जे बोलले ते काय होतं? एका खुन्याची वर्षं मी कशाच्या बदल्यात कमी केली? तिला ऊन लागत होतं, पण ती उन्हातून हलली नाही. तिला एवढंच कळत होतं की आज संध्याकाळच्या आत त्याला विचारायचं.

सकाळभर नुसती तालीम झाली. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर ओंडका आडवा टाकला होता, त्यावर दोर, बाजूला बाकडं. दिग्दर्शक अनिसे, पस्तिशीचा, ब्रुसेल्समध्ये वाढलेला, आपल्या भाषेत बोलताना शब्द अंधारात चाचपडत असल्यासारखा थांबायचा. त्याने फेब्रोनीला कार्डं बघायचं काम दिलं. "मावशी, कार्ड घ्यायचं, बघायचं, परत द्यायचं किंवा ठेवून घ्यायचं. बस." ती कार्डं हुबेहूब होती, तशीच पिवळट, तसाच शिक्का. पहिली दहा कार्डं तिने डोळे मोठे करून बघितली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण चेहरे बघतच नाही आहोत. कार्ड येतं, जातं. चपला दिसतात, गाठोडी दिसतात. एका बाईच्या कपाळावर पट्टी होती, ती कोण होती ते दोन मिनिटांनी तिला सांगता येईना. फेब्रोनीला ह्याची गंमत वाटली, आणि गंमत वाटली म्हणून भीती वाटली. आपल्याकडे त्या दिवशी कोणी इतका वेळ बघितलं होतं का? की तो वेळ आपणच नंतर, वर्षानुवर्षं, आठवून आठवून ताणत नेला?

तिकडे पळणाऱ्यांना तीनदा चढ पळवला. म्हातारे मागे पडले. सिल्व्हेर शेवटून दुसरा आला, गाठोडं छातीशी धरून, तोंडाने श्वास घेत.

जेवणाच्या सुट्टीत ती आपलं ताट घेऊन त्याच्याजवळ गेली. भात, घेवडा, शिजवलेली केळी. तो शाळेच्या भिंतीच्या सावलीत एकटाच बसला होता. "बसू का?" तिने विचारलं. त्याने कोट सावरून जागा केली. थोडा वेळ दोघं जेवले. मग तिने ताट मांडीवर ठेवलं आणि विचारलं, सरळ, शिवणाची मापं विचारावीत तसं.

"सिल्व्हेर, त्या दिवशी तुम्ही मला का सोडलंत? दया आली म्हणून, की मी तुमच्यातली वाटले म्हणून? काहीही असू दे. मला फक्त कळू दे."

तो चावता चावता थांबला. तोंडातला घास त्याने सावकाश गिळला. मग म्हणाला, "मी नव्हतोच तिथे."

"कुठे?"

"मशिदीच्या वळणावर. मी तिकडे कधीच नव्हतो. मी खाली, दलदलीकडच्या नाक्यावर होतो. शेवटपर्यंत."

फेब्रोनीला पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चळलं. पण तो नीट बोलत होता. किंबहुना इतकं नीट बोलताना तिने त्याला ऐकलंच नव्हतं. "तू उठलीस," तो म्हणाला. "माझ्याकडे बोट केलंस. सगळं गवत माझ्याकडे बघायला लागलं. तुला सांगतो, अकरा वर्षांत माझ्याबद्दल कोणी बरा शब्द काढला नव्हता. माझी आईसुद्धा भेटायला यायची बंद झाली होती. आणि तू म्हणालीस, ह्याने मला सोडलं. मला वाटलं, असेल. मी पण सोडलं असेल कोणाला तरी. माझी मान हलली."

"हलली?"

"हलवली. मीच हलवली." तो ताटातल्या घेवड्याकडे बघत होता. "मग नंतर नंतर मला आठवायलाही लागलं. तू, तो निळा फ्रॉक, मागे मशीद. रात्री पडल्या पडल्या दिसायचं. मला ते इतकं आवडायचं बघ. आपण चांगलं केलेलं बघायला कोणाला आवडत नाही?"

"आणि दरवर्षी दारूचा घडा?"

"तो खराच होता. उपकार तू केले होतेस ना माझ्यावर."

"मग आजच का सांगताय? मेल्यावर सांगायचं होतं."

"आज त्या पोरीने मला पळायला लावलं," सिल्व्हेर म्हणाला. "काही न बोलता पळालो तीनदा. लोक कडेला उभे राहून हळहळत होते माझ्याकडे बघून. एका बाईने तर पाणी आणून दिलं. किती खोटं अंगावर घ्यायचं माणसाने? तुला जे करायचं ते कर. मी नाही म्हणणार नाही."

तिला राग आला. असा आला की हातातलं ताट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. दया नव्हे, चूक, एवढ्याला ती सकाळपासून मन घट्ट करत होती. पण चूक तरी त्याची असायला हवी होती. इथे चूक तिची निघाली. तिनेच रांगेसमोर उभं राहून, हनुवटी बघून, माणूस निवडला होता आणि त्याला एक चांगलं काम देऊन टाकलं होतं. लिलिओजला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? आणि रागाच्या खालून, लाज वाटावी इतक्या लवकर, पुन्हा तेच कुतूहल वर आलं. मग कोण होता तो? कसा होता? तिने डोळे मिटून त्या वळणावर बघायचा प्रयत्न केला. माणूस होता. हनुवटी होती. पण ती सिल्व्हेरची होती, गवतावरची, गुलाबी कॉलरवरची, आणि तिच्याखाली दुसरी कुठलीच सापडेना. तीस वर्षं जिचे आभार मानले ती जागा धुऊन काढल्यासारखी रिकामी होती. तिला रडू आलं. सिल्व्हेर शेजारी बसून राहिला. उठून जायचं की नाही हे त्याला कळत नसावं.

तीन वाजता कॅमेरा लागला. अनिसे तिच्याजवळ आला. "मावशी, हे सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्यांना तुम्ही अडवता, पण हे आजोबा आले की," त्याने सिल्व्हेरकडे हात केला, "ह्यांना सोडता. कार्ड बघता, आणि जाऊ देता."

"का?"

"का म्हणजे?"

"का सोडते मी त्यांना?"

अनिसेला ते बेल्जियममध्ये कोणी विचारलं नसावं. "ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "मला सांगू नका. कॅमेऱ्याला 'का' दिसत नाही, सोडलेलं दिसतं."

पहिल्या वेळी फेब्रोनीने दया करून बघितली. समोर सिल्व्हेर कार्ड पुढे करून उभा राहिला आणि तिने मनाशी म्हटलं, बिचारा, म्हातारा, दम लागलाय ह्याला. आश्चर्य म्हणजे तशी दया आलीही. तिने हनुवटीने खूण केली. "थांबा," अनिसे ओरडला. "मावशी, तुम्ही चर्चमध्ये बसल्यासारख्या दिसताय. इतकं नको." दुसऱ्या वेळी तिने चूक करून बघितली. त्याचं नाक, गाल, कपाळ निरखलं, हा माझ्यातलाच दिसतो असं स्वतःला पटवलं. "आता डॉक्टर वाटताय," अनिसे म्हणाला. पलीकडे कोणीतरी हसलं. दिवे हलवले, कॅमेरा हातभर मागे घेतला, पळणाऱ्यांना पुन्हा चढाखाली पाठवलं. ह्या सगळ्यात अर्धा तास गेला. ऊन तिरपं होऊन थेट तिच्या डोळ्यांवर येऊ लागलं. मानेत कळ आली. बाकड्यावर बसून बसून पेरपेतूने कुठूनतरी भाजके शेंगदाणे पैदा केले होते आणि ती खांद्यावरच्या कापडाआड सोलत होती.

"मला दे ना चार," फेब्रोनी पुटपुटली.

"कॅमेरा चालू झालाय बाई."

"दे गं."

पेरपेतूने मूठ पुढे केली, त्याच वेळी समोर एक कार्ड आलं. फेब्रोनीने ते घेतलं, बघितलं असेल, नसेल, परत दिलं, एक हात शेंगदाण्यांकडे गेला, आणि तिची हनुवटी हलली. समोरच्या चपला ओंडक्यावरून पलीकडे गेल्या.

"हेच," अनिसे म्हणाला. तो खुर्चीतून उठला होता. "मावशी, अगदी हेच. आता काही करू नका, झालं आपलं."

लोक उठून चहाकडे निघाले. फेब्रोनी शेंगदाणे मुठीत धरून तशीच बसून राहिली. तिने विचार केला नव्हता. दया नव्हती, गल्लत नव्हती, तिच्या डोक्यात शेंगदाणे होते. तिला कोणी हे सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं. पण हे आता तिनेच केलं होतं आणि करताना कसं वाटतं ते तिला माहीत झालं होतं. काहीच वाटत नाही. असंच असेल का? असेलही, नसेलही. त्या माणसाच्या मनात खरोखर दया आलीही असेल, आणि तो आज कुठेतरी नातवंडांत बसून, ती मुलगी वाचली की नाही, असा विचारही करत असेल. तिला एकदम दोनाताची आठवण आली. इतकी वर्षं तिने सोडणाऱ्याचाच विचार केला होता, बहिणीसाठी जागा कमीच ठेवली होती.

सिल्व्हेर दोराच्या पलीकडे थांबला होता. "जाऊ मी?" त्याने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. तिने उठून कपड्यांवरची धूळ झटकली आणि दोराजवळ गेली. "मंगळवारी वॉर्डाच्या कार्यालयात जायचं. दोघांनी. बोलायचं तुम्ही. कुठल्या नाक्यावर होतात, काय काय बघितलंत, सगळं. ह्या वेळी मी बोट करणार नाही."

"माझी नात गणवेशासाठी यायची आहे तुझ्याकडे," तो म्हणाला.

"येऊ दे की. तिचं काय त्यात?"

"आणि त्यांनी मला विचारलं, की मग हिला कोणी सोडलं, तर?"

फेब्रोनीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, नीट, सवड काढून.

"तर सांगा, माहीत नाही म्हणून."